गोवा-कोकणातील रिसॉर्टच्या तलावाचे पाणी: कोणत्या ऋतूत किती गार, आणि ते आरक्षणापूर्वी कसे ओळखावे

नाताळ आणि नववर्षाच्या सुट्टीसाठी गोव्यातील किंवा कोकणातील रिसॉर्ट निवडताना बहुतेक कुटुंबे खोली, जेवण आणि समुद्रापासूनचे अंतर यांची बारकाईने चौकशी करतात. जलतरण तलावाच्या पाण्याचे तापमान मात्र क्वचितच कोणी विचारते. समुद्रकिनारा आहे, दुपारी पारा ३२ अंशांवर जातो, तेव्हा पाणी उबदारच असणार, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात गोव्यातील न तापवलेल्या, उघड्या तलावाचे पाणी वर्षात सर्वांत गार असते ते याच दिवसांत. ज्या मुलांनी महिनाभर पोहण्याची वाट पाहिलेली असते, ती पहिल्याच सकाळी ओठ निळे करून बाहेर येतात, आणि उरलेली सुट्टी त्या तलावाकडे पाहत बसण्यात जाते. हे टाळणे अवघड नाही. तलावाचे पाणी कशामुळे तापते आणि कशामुळे निवते हे एकदा समजून घ्यावे, आपल्याबरोबर कोण पोहणार आहे याचा विचार करावा आणि पैसे भरण्यापूर्वी रिसॉर्टला नेमके प्रश्न विचारावेत. या लेखातील तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत, आणि ऋतूनुसार दिलेले आकडे न तापवलेल्या, साधारण सव्वा मीटर खोलीच्या उघड्या तलावासाठी आहेत.

पाणी निवते कशामुळे

उघड्या तलावाला उष्णता मिळते ती मुख्यतः सूर्याकडून, आणि ती निघून जाते ती मुख्यतः बाष्पीभवनातून. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने जलतरण तलावांविषयी दिलेल्या मार्गदर्शनानुसार तलावातून जाणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के उष्णता एकट्या बाष्पीभवनाने जाते. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती आपल्याबरोबर एवढी उष्णता घेऊन जाते की, उरलेल्या हजार लिटर पाण्याचे तापमान अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. याचा अर्थ असा की, सव्वा मीटर खोल तलावाच्या पृष्ठभागावरून एका रात्रीत अवघे ३ मिलिमीटर पाणी उडून गेले, तरी तेवढ्यानेच तलाव सुमारे १.४ अंशांनी गार होतो. डोळ्यांना पातळी कमी झालेली दिसतही नाही, पण सकाळी पाण्यात पाय घालताच फरक जाणवतो.

बाष्पीभवनाचा वेग हवेच्या तापमानापेक्षा हवेच्या कोरडेपणावर आणि वाऱ्यावर अधिक ठरतो. माठातले पाणी कोरड्या दिवसांत छान गार पडते आणि पावसाळ्यात तसेच कोमट राहते, त्यामागेही हेच कारण आहे. विदर्भात मे महिन्यात हवा ४३ अंशांवर असताना उघड्या तलावाचे पाणी हवेपेक्षा कितीतरी गार राहते, कारण तिथली हवा अत्यंत कोरडी असते. त्याच महिन्यात गोव्याची हवा जेमतेम ३३ अंशांवर असते, पण ती इतकी दमट असते की पाण्याला निवायला वावच मिळत नाही. म्हणून हवामानाच्या अंदाजातील दुपारच्या कमाल तापमानावरून तलावाचा अंदाज बांधू नये. रात्रीचे किमान तापमान, आर्द्रता आणि वारा या तीन गोष्टी पाहाव्यात. त्यांतही किमान तापमान सर्वांत उपयोगी, कारण ते उतरले की हवा सहसा कोरडी आणि आकाश निरभ्र असते.

सूर्याचे गणितही पाहण्यासारखे आहे. पणजी साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भरदुपारी सूर्य तिथे थेट डोक्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून ५१ अंशांच्या आसपास असतो. त्या वेळी दहा मीटर उंचीच्या, म्हणजे तीनमजली इमारतीची सावली उत्तरेकडे आठ मीटरपर्यंत पडते. त्यामुळे इमारतीच्या उत्तरेला लागूनच बांधलेला तलाव मेमध्ये उन्हाने न्हाऊन निघत असला, तरी डिसेंबरमध्ये दिवसभर सावलीत राहू शकतो. छायाचित्रांत हा फरक कळत नाही, कारण ती कोणत्या महिन्यात काढलेली आहेत हे कुठेही लिहिलेले नसते. नारळी-पोफळीच्या दाट बागेतील तलावाचेही असेच आहे. तो दिसतो सुंदर, पण हिवाळ्यात त्याचे पाणी मोकळ्या जागेतील तलावापेक्षा गार असते.

वर्षभरातील चढउतार

डिसेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा काळ सर्वांत नीट समजून घ्यावा, कारण पर्यटकांची गर्दीही तेव्हाच असते आणि अपेक्षाभंगही तेव्हाच होतो. जानेवारीत पणजीत दिवसा ३१-३२ अंश तापमान असते, पण रात्री ते २० अंशांपर्यंत उतरते. किनाऱ्यापासून आत, सत्तरी किंवा सांगे यांसारख्या तालुक्यांत रात्री आणखी गार असतात. रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे घाटाकडची कोरडी हवा तलावावरून नेतात, निरभ्र आकाशाकडे पाण्याची उष्णता निसटत राहते, आणि लहान दिवसातले तिरपे ऊन ही तूट पूर्ण भरून काढू शकत नाही. परिणामी सकाळी आठच्या सुमारास पाणी साधारण २३ ते २५ अंशांवर आणि दुपारी चारच्या सुमारास २५ ते २७ अंशांवर असते. सावलीतला किंवा टेकडीवरचा, वाऱ्याच्या तोंडावरचा तलाव यापेक्षा एक-दोन अंशांनी गार असू शकतो. याच दिवसांत समुद्राचे पाणी २७-२८ अंशांवर असते, कारण समुद्राचा साठा अफाट असल्याने तो एका रात्रीत निवत नाही. तेव्हा जानेवारीत सकाळी मुलांना पाण्यात उतरायचेच असेल आणि समुद्र शांत असेल, तर जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, घोट्याएवढ्या पाण्यात खेळणे तलावापेक्षा अधिक सुखाचे असते. तलाव दुपारनंतरसाठी ठेवावा.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून पाणी हळूहळू चढू लागते. मार्च हा माझ्या मते न तापवलेल्या तलावासाठी वर्षातला सर्वांत चांगला महिना आहे. पाणी २७ ते २९ अंशांच्या दरम्यान येते, दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे अंगाला सुखावतात, गर्दी ओसरलेली असते. शाळांच्या परीक्षांमुळे मुलांना नेता येत नाही हे खरे. पण ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल तर हा महिना आवर्जून निवडावा.

एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा होतो. सूर्य डोक्यावर, रात्रीचे तापमान २६ अंशांच्या आसपास आणि हवा दमट, त्यामुळे पाणी ३० ते ३२ अंशांवर जाऊन तिथेच ठाण मांडते. लहान मुलांचा उथळ तलाव तर दुपारी ३४ अंश किंवा त्याहून वर जाऊ शकतो. यामागचे कारण साधे आहे. उन्हाची उष्णता पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानुसार मिळते आणि ती साठते ती पाण्याच्या घनफळात. ४५ सेंटिमीटर खोलीच्या तलावात १३५ सेंटिमीटर खोलीच्या तलावाच्या तुलनेत प्रत्येक चौरस मीटरखाली एक तृतीयांशच पाणी असते, त्यामुळे तो तापतोही तिप्पट वेगाने आणि निवतोही तिप्पट वेगाने. म्हणूनच जानेवारीच्या सकाळी मुलांचा तलाव मोठ्या तलावापेक्षाही गार असतो, आणि मेच्या दुपारी तो न्हाणीघरातल्या कोमट पाण्यासारखा लागतो. दोन्ही वेळा मोठ्या माणसांनी आपल्या तलावातल्या अनुभवावरून मुलांच्या पाण्याचा अंदाज करू नये. स्वतः पाय घालून पाहावे.

मेच्या कोमट पाण्याबाबत आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. पाणी जितके उबदार तितका क्लोरिन लवकर खर्च होतो, आणि कडक उन्हात तो आपोआपही विघटित होत जातो. केरळमध्ये २०२४ साली नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या अमीबाच्या संसर्गाचे रुग्ण आढळले, तेव्हा हा विषय आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला. हा आजार अत्यंत विरळ आहे आणि तो उबदार, साचलेल्या, निर्जंतुक न केलेल्या गोड्या पाण्याशी निगडित आहे. व्यवस्थित क्लोरिन असलेल्या तलावाची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण मेमध्ये पाणी कोमट, किंचित हिरवट आणि तळ अस्पष्ट दिसत असेल, तर त्यात उतरू नये आणि मुलांना तर मुळीच उतरवू नये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात मोसमी पाऊस दाखल होतो आणि वर्षभरातल्या सुमारे ३,००० मिलिमीटर पावसातला बहुतांश सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. पावसाने तलाव बर्फासारखा गार होत असेल असे अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. २८ अंशांच्या, १.२ मीटर खोल तलावात २४ अंशांचा १०० मिलिमीटर पाऊस पडला, तरी मिसळून तापमान जेमतेम ०.३ अंशांनी उतरते. ढगांमुळे ऊन मिळत नाही म्हणून पाणी मेपेक्षा खाली येते. पण हवा बाष्पाने भरलेली आणि रात्रीही २४ अंशांच्या खाली फारशी न जाणारी असल्याने ते २६ ते २८ अंशांच्या दरम्यान स्थिर राहते. जुलैतला तलाव जानेवारीतल्या तलावापेक्षा उबदार असतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गार लागते ते बाहेर आल्यावर, ओल्या अंगावर वारा लागून. म्हणून टॉवेल आणि कोरडे कपडे काठावरच, पण छताखाली ठेवावेत. पावसाळ्यात काळजी घ्यायची ती तापमानापेक्षा विजांची आणि स्वच्छतेची. गडगडाट ऐकू येताच पाण्याबाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत उतरू नये. मुसळधार पावसानंतर क्लोरिन पातळ होतो, आवारातली माती वाहून येते; पाणी गढूळ असेल तर ते पुन्हा नितळ होईपर्यंत थांबावे.

ऑक्टोबरमध्ये ऊन परतते, हवा अजून दमट असते आणि पाणी २८ ते ३० अंशांवर येते. दिवाळीच्या सुट्टीत, विशेषतः ती ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी आली असेल तर, न तापवलेला तलावही मुलांना पुरेसा उबदार मिळतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून मात्र रात्री उतरू लागतात आणि दर आठवड्याला पाणी थोडे थोडे गार होत जाते. तारखा हातात असतील आणि मुले लहान असतील, तर नाताळाऐवजी दिवाळी निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन.

कोणाला किती उबदार पाणी हवे

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेते. म्हणून २६ अंशांची हवा सुखद वाटते आणि २६ अंशांच्या पाण्यात स्वस्थ उभे राहिले तर काही वेळाने शहारे येतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला ना गार ना गरम वाटावे असे पाणी ३३ ते ३५ अंशांचे असते. याउलट जोरात पोहणाऱ्याचे स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात. त्यामुळे जागतिक जलतरण संघटनेच्या नियमांत स्पर्धेच्या तलावासाठी २५ ते २८ अंश ही मर्यादा आहे. जो सकाळी उठून शिस्तीने फेऱ्या मारणार आहे, त्याला जानेवारीतला गोव्याचा तलावही आवडेल, आणि मेमधला ३१ अंशांचा तलाव दमवून टाकेल. पाण्यात असतानाही घाम येतो, तो जाणवत नाही इतकेच. म्हणून उन्हाळ्यात फेऱ्या मारणाऱ्यांनी मध्ये मध्ये पाणी प्यावे आणि डोके जड वाटू लागताच थांबावे.

कुटुंबाने मिळून डुंबण्यासाठी २८ ते ३० अंश पाणी बहुतेकांना मानवते. पाच-सहा वर्षांखालील मुलांसाठी आणि सांधेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी ३० ते ३२ अंश अधिक बरे. लहान मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने अधिक असतो, त्यांच्या त्वचेखाली चरबी कमी असते आणि खेळाच्या नादात ती गारवा सांगत नाहीत. २५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात त्यांना पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढून कोरडे करावे, काही खायला द्यावे आणि मगच पुन्हा उतरू द्यावे. ओठ निळसर होणे, दात वाजणे किंवा एरवी बडबडे असलेले मूल एकाएकी गप्प होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवसापुरते पोहणे थांबवावे. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी गार पाण्यात उडी मारू नये. पायऱ्यांवरून, हातपाय आणि छाती ओली करत सावकाश उतरावे. गर्भवती स्त्रियांनी ३२ अंशांहून उबदार पाण्यात व्यायाम टाळावा आणि प्रवासापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. गरम पाण्याच्या जकुझीचे पाणी कोणासाठीही ४० अंशांहून अधिक असू नये. पाच वर्षांखालील मुलांना त्यात बसवू नये आणि मद्य घेतलेल्या कोणीही त्यात बसू नये. मद्य घेऊन गार तलावात उतरणेही तितकेच घातक आहे, कारण त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने आतून ऊब आल्यासारखी वाटते आणि शरीर मात्र भराभर निवत जाते.

आरक्षणापूर्वी विचारायचे प्रश्न

रिसॉर्टच्या माहितीत तलाव ‘हीटेड’ किंवा ‘टेंपरेचर कंट्रोल्ड’ असल्याचे लिहिलेले असते, पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. फोन करून पहिला प्रश्न विचारावा तो असा की, ज्या तारखांना आपण येणार आहोत त्या दिवसांत सकाळी आठ वाजता तलावाचे पाणी किती अंशांवर असते. याचे उत्तर आकड्यात मिळाले, तर त्या रिसॉर्टमध्ये कोणीतरी रोज तापमान मोजते असे समजावे, आणि हे स्वतःच चांगले लक्षण आहे. ‘पाणी छान असते’ असे उत्तर आले, तर ते न तापवलेले आहे असे धरून चालावे. त्यानंतर विचारावे की पाणी तापवण्याची यंत्रणा वर्षभर चालते की ठरावीक महिन्यांतच, ती रात्रीही चालू असते का, आणि मुलांचा उथळ तलाव त्याच यंत्रणेवर आहे का. अनेकदा मोठा तलाव तापवलेला असतो आणि ज्यांना सर्वाधिक गरज असते त्या मुलांचा तलाव तसाच सोडलेला असतो.

खोलीला जोडलेला खासगी छोटा तलाव घेणार असाल, तर चौकशी अधिक बारकाईने करावी. असे तलाव लहान, बऱ्याचदा भिंतींच्या सावलीत आणि झाडांखाली असतात, त्यामुळे हिवाळ्यात ते मुख्य तलावापेक्षा गार राहतात. काही ठिकाणी ते तापवून देण्यासाठी वेगळे शुल्क असते आणि आदल्या दिवशी कळवावे लागते. पोहोचल्यावर सांगितले तर एका रात्रीचा मुक्काम संपेपर्यंत पाणी तापतच असते. डोंगरकड्यावरून समुद्राकडे सांडणाऱ्या इन्फिनिटी तलावांचीही हीच गत आहे. काठावरून पातळ थराने वाहताना पाण्याचे बाष्पीभवन वाढते आणि अशा जागी वाराही मोकळा असतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत असा तलाव तापवलेला नसेल तर मुलांसाठी तो निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उपग्रहाच्या नकाशावर रिसॉर्ट शोधून तलावाच्या दक्षिणेला इमारत आहे की मोकळी जागा, हे पाहून घेणेही दोन मिनिटांचे काम आहे. हिवाळ्यात दक्षिण मोकळी असलेला तलाव घ्यावा, मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेकडून सावली येणारा.

मोजमाप स्वतः करावे

हाताला किंवा पायाला लागणारा गारवा फसवा असतो. वातानुकूलित खोलीतून थेट आलेल्याला जे पाणी कोमट वाटते, तेच उन्हात तासभर बसलेल्याला थंडगार वाटते. पाण्याचा साधा तरंगता तापमापक स्वस्तात मिळतो आणि बॅगेत सहज मावतो. तो पृष्ठभागावर न वाचता सुमारे ३० सेंटिमीटर खोल, शुद्ध केलेले पाणी जिथून तलावात परत येते त्या छिद्रांपासून दूर, दोन-तीन मिनिटे धरावा आणि मग आकडा पाहावा. उन्हात शांत पाण्याचा वरचा थर खालच्यापेक्षा उबदार असतो, त्यामुळे वरवर मोजले तर चुकीचा दिलासा मिळतो. पहिल्या दिवशी एकदा सकाळी आणि एकदा दुपारी चारनंतर मोजले की पुढच्या दिवसांचे वेळापत्रक आखता येते. हवामान एकदम पालटले नाही तर तलाव रोज जवळपास तोच क्रम पाळतो.

घाटमाथा आणि परदेश

लोणावळा, महाबळेश्वर येथील तलावांना किनाऱ्याचे आकडे लावू नयेत. साडेतेराशे मीटरच्या आसपास उंची असलेल्या महाबळेश्वरात हिवाळ्याच्या रात्री कोरड्या आणि कडक थंडीच्या असतात. तिथला न तापवलेला उघडा तलाव नोव्हेंबर ते फेब्रुवारी केवळ पाहण्यासाठी आहे, असे समजावे.

परदेशी जाताना गोलार्ध विसरू नये. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेला मॉरिशस सुमारे २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे, त्यामुळे आपल्या उन्हाळी सुट्टीच्या शेवटी, जूनमध्ये, तिथे हिवाळा सुरू होतो आणि ऑगस्टच्या सुमारास समुद्राचे पाणीही २२-२३ अंशांवर येते. त्या काळात तलाव तापवलेला असल्याची खात्री केल्याशिवाय मुलांना घेऊन जाऊ नये. बालीत जून ते ऑगस्ट आग्नेयेकडून कोरडे वारे वाहतात, आणि उबूदच्या सावलीभरल्या दऱ्यांतले तलाव किनाऱ्यावरच्या तलावांपेक्षा गार असतात. विषुववृत्ताला लागून असलेल्या मालदीवमध्ये ऋतूंचा फरक अगदी थोडा पडतो. दुबई उष्ण कटिबंधाच्या किंचित उत्तरेला आहे. तिथे चांगली हॉटेले उन्हाळ्यात तलावाचे पाणी यंत्राने गार करतात आणि हिवाळ्यात तापवतात, म्हणून तिथे प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो.

रिसॉर्ट किंवा होमस्टे चालवणाऱ्यांसाठी

कोकणात गेल्या काही वर्षांत तलाव असलेल्या होमस्टेंची संख्या वाढली आहे, आणि पाणी तापवणे म्हणजे प्रचंड वीजबिल, या समजुतीमुळे बहुतेक मालक तो विषयच बाजूला ठेवतात. हिशेब मांडून पाहावा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी मावते. ते एका अंशाने तापवण्यासाठी सुमारे ४६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. गिझरसारख्या साध्या विद्युत तापकाने तेवढीच वीज खर्च होईल; पण हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि आपल्या उबदार हवेत तो एका युनिट विजेत चार ते सहा युनिट उष्णता देऊ शकतो. म्हणजे एका अंशाला साधारण दहा युनिट वीज. २४ अंशांवरून २८ अंशांवर नेण्यासाठी ४० युनिट, आणि १२ किलोवॅट उष्णता देणारा पंप असेल तर वाटेतली गळती धरून जवळजवळ पूर्ण दिवस. म्हणून पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीच पंप सुरू करावा, आणि तो दिवसा चालवावा, कारण दुपारच्या उबदार हवेत त्याची कार्यक्षमता अधिक असते.

मात्र हीट पंपाआधी खरेदी करायची वस्तू म्हणजे तलावाचे आच्छादन. रात्री तलाव झाकला की बाष्पीभवन थांबते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्याच मार्गदर्शनानुसार आच्छादनामुळे तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी आणि तलावात भरावे लागणारे पाणी ३० ते ५० टक्क्यांनी कमी होते. किनाऱ्यावरच्या ज्या गावांत उन्हाळा सुरू होताच टँकर मागवावे लागतात, तिथे एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ते घ्यायला हवे. वापराच्या वेळी आच्छादन पूर्णपणे काढून गुंडाळून ठेवावे; अर्धवट झाकलेल्या तलावात कोणालाही उतरू देऊ नये, कारण त्याखाली अडकलेले मूल वरून दिसत नाही. सौर तापक बसवायचा असेल तर काचेविना असलेल्या साध्या काळ्या नळ्यांच्या पट्ट्या आपल्या हवेत पुरतात. तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्रफळाएवढी दक्षिणाभिमुख जागा छपरावर लागते.

मेमध्ये उलट कृती करावी. आच्छादन काढून टाकावे, कारंजे, धबधबा आणि गाळणी यंत्रणा रात्री व पहाटे चालवावी, आणि मुलांच्या उथळ तलावावर शेडनेट ताणावे. दमट हवेत कारंज्याने पाणी फार उतरणार नाही, एखादा अंश उतरेल. मुलांच्या तलावावरची सावली त्याहून अधिक काम करते. क्लोरिन दिवसातून किमान दोनदा, त्यातला एकदा भरदुपारी तपासावा. मोकळा क्लोरिन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला, किमान १ पीपीएम (एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम) असावा. उन्हात क्लोरिन टिकवणारा सायन्यूरिक आम्लयुक्त स्थिरक किंवा टीसीसीएच्या (हेच आम्ल पाण्यात सोडणाऱ्या क्लोरिनच्या) गोळ्या वापरत असाल तर किमान २ पीपीएम, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान. टीसीसीएच्या सततच्या वापराने पाण्यात सायन्यूरिक आम्ल साचत जाते आणि क्लोरिन मंदावतो, म्हणून उन्हाळ्यात ते वेगळे मोजून घ्यावे आणि वाढले असेल तर थोडे पाणी बदलावे.

यांपैकी काही करणे परवडत नसेल, तरी एक फलक लावता येतो, आणि त्याला खर्च काहीच नाही. सकाळी आठ आणि दुपारी चार वाजताचे मोठ्या तलावाचे तापमान, मुलांच्या तलावाचे तापमान, क्लोरिन आणि पीएच, मोजल्याची वेळ आणि मोजणाऱ्याची सही, एवढा मजकूर तलावाच्या पायऱ्यांजवळ रोज लिहावा आणि आरक्षणासाठी फोन करणाऱ्यांना त्याच नोंदवहीतले मागच्या वर्षीचे, त्याच आठवड्याचे आकडे सांगावेत.